बोटाची कड

माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेला, अगदी शेंड्याच्या मधोमध, जिथे अंगठा देताना शाई लावतात तशा जागी, अजून एक घट्टसर ठिपका आहे. बाहेरून दिसत नाही. भाकरी थापताना तेवढा तो पिठाला वेगळा लागतो, म्हणून मला माहीत. ताईच्या घरी काढलेल्या पहिल्या हिवाळ्यात तो झाला. त्यानंतर मी बोटाच्या मध्यावर कधी सुई लावली नाही. पुढे कुणी मधुमेहाचा नवीन पेशंट भेटला, विशेषतः लहान मुलगी, तर मी औषधाचं काही बोलत नाही, ते डॉक्टरांचं काम. मी फक्त तिचा हात हातात घेते आणि बोटाची कड दाखवते.

आमचं गाव परभणीकडचं. आठवीनंतर माझी शाळा सुटली ती या आजारानं. तहान भागायची नाही, कपडे अंगावर राहायचे नाहीत, आणि एक दिवस शाळेच्या ओट्यावरच मी आडवी झाले. मग रोजची इंजेक्शनं सुरू झाली. घरी फ्रिज नव्हता. आई इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूत, माठाच्या बुडाशी ठेवायची आणि वरून फडकं ओलं करत राहायची. एका उन्हाळ्यात ते फडकं कितीही ओलं केलं तरी पुरलं नाही. औषध आतल्या आत बिघडलं, मी घेत राहिले आणि शेवटी मला बेशुद्ध उचलून परभणीला नेलं. ताई त्या वेळी नाशिकजवळच्या पिंपळगाव बसवंतहून, तिच्या सासरहून, धावत आली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती आईला म्हणाली, "मी घेऊन जाते हिला. आमच्याकडं फ्रिज हाय." आई म्हणाली, "काहून नेतीस लोकाच्या घरी? तुझ्या सासूला काय वाटंल?" ताई म्हणाली, "वाटंल ते वाटंल. तिथं बाटली तरी गार राहील." माझा मुक्काम कुठे असावा हे असं एका फ्रिजनं ठरवलं.

तो फ्रिज ओसरीत होता. स्वयंपाकघरात चुलीचा धूर, म्हणून तिथे ठेवला नव्हता. त्याच्यावर ताईच्या सासूबाईंनी क्रोशाचा रुमाल घातला होता आणि रुमालावर गणपती. सासूबाईंना सगळे जिजी म्हणत, मीही म्हणू लागले. दाराच्या कप्प्यात लिंबांच्या शेजारी माझ्या बाटल्या. घर रस्त्यापासून आत, शेतात होतं. थोडी द्राक्षबाग, थोडा झेंडू आणि शेवंती, बांधाला मेथी-कोथिंबीर. पहाटे बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू व्हायचा, त्याचा आवाज आधी दुरून भुंग्यासारखा यायचा आणि मग घराच्या भिंती हलल्यासारख्या वाटायच्या. तो थांबला की हायवेवरचे ट्रक ऐकू यायचे. आमच्या गावात एवढा आवाज फक्त लग्नात असायचा. जिजी सकाळी दोन पातेल्यांत चहा ठेवायच्या. एक सगळ्यांचा आणि एक छोट्या पातेल्यातला बिनसाखरेचा. "हा तुझा फिका," म्हणून कप सरकवायच्या. बाजरीची भाकरी, कांद्याची पात, शेंगदाण्याची कोरडी चटणी. जेवायला कमी पडलं नाही कधी. पण माझ्यासाठी वेगळं पातेलं घासावं लागतं, याचंच मला ओझं वाटायचं. मी चहा संपायच्या आत उठून पातेलं घासायला घ्यायचे.

मागच्या दारी मोरीच्या भिंतीवर खिळे होते. प्रत्येकाचा एक. जिजींचा, दाजींचा, ताईचा. ज्याचा त्याचा टॉवेल ज्याच्या त्याच्या खिळ्याला. पाहुणा आला तर त्याचा टॉवेल दोरीवर. माझा टॉवेल मी दोरीवर वाळवायचे आणि वाळला की घडी करून पिशवीत ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. पण पिशवी नेहमी भरलेली असावी, असं मला वाटायचं.

नाशिकच्या डॉक्टरांनी रक्तातली साखर घरी तपासायचं मशीन मिळवून दिलं. त्यांच्या एका पेशंटनं नवीन घेतलं होतं, त्याचं जुनं मला दिलं. ते कोण, हे मला कधी कळलं नाही. डोळ्यांपुढे एखादा चेहरा धरून आभार मानायची सोय नव्हती, म्हणून मी मशीनलाच रोज रुमालानं पुसायचे. आजच्या मशीनला मुंगीच्या डोक्याएवढा थेंब पुरतो. त्याला टपोरा थेंब लागायचा, आणि कमी पडला की तो ज्यावर घ्यायचा ती पट्टी फुकट. टोचायला आता पेनासारखं यंत्र असतं, कळ दाबली की सुई आत जाऊन बाहेर. तेव्हा माझ्याकडे नुसती सुई होती, ती हातानं टोचायची. दवाखान्यात बोटाच्या मध्यावर टोचताना पाहिलं होतं, स्पिरिटचा बोळा फिरवताना पाहिलं होतं, मीही तेच करायचे. टोचायला हात धजायचा नाही. सुई बोटाला लावून मी बसून राहायचे. मग एकदम टोचायचे ती भीतीपोटी खोल जायची, आणि तरी थेंब पुरेना की बोटाचा शेंडा लिंबासारखा पिळायचे.

हा कार्यक्रम ओसरीत व्हायचा आणि तो बघायला सगळे जमायचे. दाजी मात्र सुई निघाली की तोंड फिरवून दाराबाहेर बघायचे. सहा फुटी गडी, ट्रॅक्टरखाली झोपून काम करणारा, पण सुई बघवायची नाही. ते कबूल न करता म्हणायचे, "मुंगी चावल्यागत तर असतंय. एवढा काय इचार करती?" जिजी म्हणायच्या, "मग बाळू, इकडं बघून बोल की." मशीनवर आकडा आला की दाजी वळायचे. "काय, लागला का निकाल? पास का नापास?"

दिवाळीपर्यंत माझी बोटं हुळहुळी झाली. झेंडूच्या माळा ओवायला बसलं की सुईचं नेढं बोटाच्या शेंड्यानं पुढे ढकलावं लागतं, नेमकं तिथेच दुखायचं. मिरची चिरली की आग. वरून स्पिरिट, ते जखमेला झोंबायचं आणि कातडी कोरडी करून तडकवायचं. मी हातात मावेल त्यापेक्षा मोठी कामं अंगावर घ्यायचे. कुणी सांगितलेली नव्हती. भांडी, झाडलोट, शेण. ताई रागवायची, "बस ना जरा. कुणी हाकलून नाय देत तुला."

पण ते मी ऐकलं होतं. दाजी जिजींशी बोलत होते, चोरून नाही, साधंच, बैलाच्या पाण्याबद्दल बोलावं तसं. "द्राक्षं संपली की पोरीला गावाकडं सोडून येतो. आपल्याला काय कळतं हिच्या दुखण्यातलं? उद्या आपल्या दारात काय झालं तर मामांना कोणतं तोंड दाखवू?" मामा म्हणजे माझे वडील. जिजी म्हणाल्या, "तिकडं गार कशात ठेवतील औषध?" दाजी म्हणाले, "ते बी खरं हे." आणि उठून गेले. त्यांचा राग मला आला नाही, आजही येत नाही. ते घाबरले होते. फक्त मला आई, माठ आणि ते ओलं फडकं दिसायला लागलं आणि उन्हाळा किती लांब आहे हे मी रोज मनात बघायला लागले.

डिसेंबरात तपासणीला नाशिकला गेले तेव्हा तिथल्या सिस्टरनं माझा हात उलटा करून पाहिला. जाडजूड, भरभर बोलणाऱ्या बाई.

"हे काय गं? चाळणी केलीस की. मधे कशाला टोचतेस?"

"इथंच टोचतात ना."

"आम्ही टोचतो. आमचं काय, पेशंट बदलतो. तुला रोज हीच बोटं वापरायचीत. कडेला टोच, नखाच्या बाजूला. इथे. दुखतं का?"

त्यांनी बोलता बोलता टोचलं होतं. मला कळलं तेव्हा थेंब वर आला होता. त्या म्हणाल्या, "अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सोडून दे, त्यांना दिवसभर काम असतं. उरलेली आळीपाळीनं. टोचायच्या आधी हात खाली सोड, झटक. पिळायचं ते शेंड्याला नाही, मुळापासून हळूहळू वर सरकवत आण. आणि आधी कोमट पाण्यानं साबण लावून हात धू, कोरडा कर. स्पिरिट ठेव बाजूला."

मी सगळं केलं. एक सोडून. कडेला टोचायला लागले, हात खाली सोडायला लागले आणि आठवड्याभरात माळा ओवताना बोट ओढून घ्यायची सवय गेली. पण कोमट पाणी मागायचं धाडस झालं नाही. थंडीचे दिवस, नळाचं पाणी हाडात शिरणारं, त्यानं बोटं गारठून थेंब यायचा नाही. गरम पाणी म्हणजे चुलीवर वेगळं पातेलं. एक पातेलं माझ्यामुळे आधीच वाढलं होतं, दुसरं मागायचं कसं? त्यापेक्षा स्पिरिटचा बोळा बरा, कुणाला त्रास नाही. इतक्या साध्या गोष्टीसाठी माणूस किती अवघडतो, याचं आता मला हसू येतं. पण ज्यांना दुसऱ्याच्या घरी राहावं लागलं आहे, ते हसणार नाहीत.

मग द्राक्षं सुरू झाली. ताई आणि मी पॅकहाऊसला जायला लागलो. लांब शेड, मधोमध टेबलं, दोन्ही बाजूंना बायका. घड हातात देठाशी धरायचा, कात्रीनं फुटके, नासके मणी काढायचे आणि घड खोक्यात निजवायचा. मण्यांवरची पांढुरकी लव पुसली जाऊ नये म्हणून बोट लावायचं नाही. पण फुटक्या मण्याचा रस बोटांवरून मनगटापर्यंत यायचाच. दुपारपर्यंत बोटं एकमेकांना चिकटायची. बायका मला चिडवायच्या, "खा गं एखादा मणी. तुझा डॉक्टर काय छतावर बसलाय?" मी खात नव्हते. हे मी फुशारकीनं सांगत नाही. पुढे जे झालं त्यात तेवढं एकच मला ठामपणे माहीत होतं, म्हणून सांगते.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी ओढणीला हात पुसले, बोळा फिरवला, करंगळीच्या कडेला टोचलं. मशीनवर चारशेच्या वरचा आकडा आला. तेवढा कधी आला नव्हता.

ताईचा चेहरा उतरला. "काय खाल्लंस?"

"काही नाही."

"संगी, खरं सांग."

दाजी दारातून वळले. "द्राक्षं खाल्ली असतील. तिथं कोण हात धरतंय?" ते रागानं बोलले नाहीत. हसण्यावारी नेल्यासारखं बोलले आणि तेच जास्त लागलं. मी दोनदा म्हटलं, "नाही खाल्ली." मशीन आणि मी यांत मशीन खोटं कशाला बोलेल, असं मलाही वाटायला लागलं. आकडा फार वर गेला तर नेहमीच्या इन्सुलिनमध्ये थोडं वाढवून घ्यायचं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. ताईनं वाढवून भरलं, मी टोचून घेतलं. आणि साखर उतरेपर्यंत हिला खायला द्यायचं नाही, हे ताईनं तिच्या मायेनं ठरवलं.

दिवे लागले तेव्हा मी ओसरीत शेवंती निवडत होते. फुलं लांब जायला लागली. हात कापत होते. थंडीत पाठीवरून घाम ओघळत होता. जिजींनी काही विचारलं, ते ऐकू आलं पण उत्तर जिभेवर चढेना. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं, उरलेलं ताईनं नंतर सांगितलं.

जिजी म्हणाल्या, "पोर गार पडली. गूळ आण."

ताई म्हणाली, "गूळ कसा द्यायचा? चारशे आलीय साखर."

"अगं, घाम बघ तिचा."

दाजी म्हणाले, "मी गाडी काढतो. पण आधी परत तपासा, डॉक्टर तेच इचारतील."

ताईनं सुई टोचली, थेंब येईना. बोटं बर्फासारखी. तेव्हा जिजींनी चुलीवरचं भाताच्या आधणाचं पातेलं तसंच उचललं, परातीत ओतलं, गार पाणी घालून कोमट केलं आणि माझे दोन्ही हात त्यात बुडवले. हात चिकट लागले म्हणून साबणही फिरवला. त्या पाण्याची ऊब मला आठवते. बाकी काही नाही, तेवढी ऊब आठवते. लुगड्याच्या घोळात हात कोरडे केले, ताईनं कडेला टोचलं आणि या वेळी थेंब आपोआप वर आला. मशीननं चाळीसच्या आसपासचा, जिवावर बेतेल इतका कमी आकडा दाखवला. जिजींना आकडा वाचता येत नव्हता. त्यांनी ताईच्या तोंडाकडे पाहिलं आणि गुळाचं पाणी माझ्या ओठांना लावलं.

सकाळी मी उठले ती बरी होते. डोकं फक्त जड होतं. टॉवेल पिशवीत होताच. त्यावर दोन कपडे ठेवले आणि पिशवीचे बंद बांधले. आता द्राक्षं संपायचीही वाट कुणी बघणार नाही, हे मला कळत होतं. जी भीती दाजींना होती, ती त्यांच्या दारात घडून गेली होती.

दाजी पहाटेपासून बागेत तोडणीला होते. ते आले, ओसरीत बसले आणि म्हणाले, "आण गं ते मशीन. बिघडलंय ते. चारशे काय, चाळीस काय. माझ्यावर बघू." बोट पुढे केलं, डोळे दाराकडे. मी बोळा फिरवला आणि कड धरायला गेले, तर ते म्हणाले, "कड-बिड नको. मधे टोच. मुंगी तर हे." मी मधे टोचलं. त्यांनी अशी आरोळी मारली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

आकडा आला तीनशेच्या वर.

दाजी बघत राहिले. त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हंजे मला बी झाली का काय?"

जिजी चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "लग्नात जिलब्या मोजून खा म्हणलं, ऐकलंस का कधी? ऊठ, चहा झाला. हात धू आधी, सगळं चिकाट झालंय." त्या घरात बागेतून आलेल्या माणसाला हात धुतल्याशिवाय कप मिळत नसे. आणि त्या दिवशी मोरीत परात होती, कालचीच, तिच्यात जिजींनी गरम पाणी घालून ठेवलं होतं. दाजी सुन्न होऊन हात धूत राहिले. साबणाचं पाणी पिवळसर, धुरकट झालं. मी त्या पाण्याकडे बघत होते. मग म्हटलं, "दाजी, परत एकदा बघू?"

ताई म्हणाली, "पट्ट्या झाडाला नाय लागत."

पण जिजी म्हणाल्या, "बघू दे तिला."

या वेळी मी कडेला टोचलं. दाजी अजून डोळे मिटून वाट बघत होते. थेंब पट्टीवर चढला तरी विचारत होते, "टोचलं का?" आकडा शंभरच्याही आत आला.

ताई स्वतःच्या बोटांकडे बघत होती, अंगठ्यानं चोळून. मग दाजी म्हणाले, "म्हंजे कालची साखर पोरीची नव्हतीच. थॉमसनची होती." आमच्या बागेतल्या द्राक्षाची ती जात. पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं. बोटावर वाळलेल्या रसातली साखर थेंबात मिसळते, बोळा फिरवून ती जात नाही, पाण्यानं जाते. सिस्टर नुसत्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या.

जिजी दाजींना म्हणाल्या, "मग तिनं द्राक्षं खाल्ली होती का?"

"नव्हती."

"मोठ्यानं म्हण."

"नव्हती खाल्ली, बाई. चहा दे आता."

मी पिशवीपाशी उभी होते. दाजींनी पिशवीकडे पाहिलं, बांधलेल्या बंदांकडे पाहिलं. कप ठेवून ते मागच्या दारी गेले. थोड्या वेळानं ठोकल्याचा आवाज यायला लागला. बाहेर जाऊन बघते तर ते दगडानं मोरीच्या भिंतीत खिळा ठोकत होते, ताईच्या खिळ्याच्या शेजारी. कठड्यावर नवा साबण ठेवलेला, परातीच्या बाजूला. मला म्हणाले, "टॉवेल आण तुझा. आणि जिजे, रोज हिच्या हातापुरतं पाणी तापवत जा. मागायची नाय ती."

जिजी दारातूनच म्हणाल्या, "लय वर ठोकला. तिचा हात पुरायचा नाय."

दाजींनी खिळा हलवून बघितला. पक्का बसला होता. "राहू दे," ते म्हणाले. "वाढंल की ती हळूहळू."

मी आता सिन्नरला असते, शिवणकाम करते, पन्नाशी जवळ आली आहे. ताईकडे गेले की अजूनही आधी मोरीत हात धुते. खिळा तिथेच आहे. टॉवेल अडकवायला मला टाचा उचलाव्या लागतात.